रविवारी साहेबांची स्मरणसभा

सभासदांनो, आपले पाणीपुरवठ्याचे साहेब गेले, हे एव्हाना सगळ्यांना कळलंच असेल. रविवारी सकाळी १० वाजता मंडळाच्या सभागृहात स्मरणसभा आहे. हारतुरे नकोत, साहेबांना त्याचा भारी कंटाळा.

२०१६ ला लातूरला पाणी देणारं मांजरा धरण आटलं आणि एप्रिलात मिरजेहून लातूरला रेल्वेनं पाणी आलं. पहिल्या फेरीत १० वाघिणी (टाकीचे डबे), सुमारे ५ लाख लिटर. फोटो गाडीचेच निघाले. ते पाणी शुद्ध करून टँकरनं गल्लोगल्ली पोचवणारे कुणाला दिसले नाहीत. साहेब त्यांतले. जुन्या गावात कुठला व्हॉल्व्ह कुणाच्या ओट्याखाली दबलाय, हे नकाशात नव्हतं, त्यांच्या डोक्यात होतं. कुणी लिहून घेतलं असेल तर ती वही आणा. बोलणाऱ्यांनी पाच मिनिटांत आवरावं.