दुसरे घर भाड्याने देण्यापूर्वी

पुणे
दि. १८ जानेवारी २०२६

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

वडगाव बुद्रुकमधला जुना टू बीएचके ६० लाखांना मिळतो आहे, त्यासाठी ४५ लाखांचे कर्ज काढायचे आणि हप्ता भाड्यातून फेडायचा, हा तुझा बेत वाचला. घर घेण्याला माझा मुळीच विरोध नाही. हप्ता भाड्यातून निघेल हे तू जे धरून चालला आहेस, त्याची मला काळजी वाटते. साडेआठ टक्के व्याजाने वीस वर्षांसाठी घेतलेल्या ४५ लाखांचा हप्ता महिना ३९ हजारांच्या घरात जातो आणि भाडे तू १८ हजार सांगतोस. म्हणजे एकही महिना घर रिकामे न राहता दरमहा २१ हजार तुझ्या पगारातूनच जाणार. शिवाय खरेदीच्या वेळी सात टक्क्यांनी ४ लाख २० हजार मुद्रांक शुल्क, ३० हजार नोंदणी फी आणि एजंटची दलाली हे पैसे सहसा कर्जात बसत नाहीत, ते रोख हाताशी हवेत.

ते १८ हजारही पूर्ण तुझे नाहीत. सोसायटीचा मेंटेनन्स बहुधा मालकच भरतो. घर भाड्याने दिले की सोसायटी ना-वापर शुल्क, म्हणजे मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचा आकार, लावते. ते सेवाशुल्काच्या दहा टक्क्यांहून अधिक घेता येत नाही, असा राज्य शासनाचा २००१ चा आदेश आहे, म्हणून जास्त मागितले तर नम्रपणे पण लेखी हरकत घे. पुणे महापालिकेची मिळकतकरातली ४० टक्के सवलत मालक स्वतः राहत असेल तरच मिळते, तेव्हा विकणाऱ्याची पावती पाहून तुझा कर तेवढाच येईल असे समजू नकोस. प्राप्तिकरात मात्र भरलेला मिळकतकर वजा करून उरलेल्या भाड्यावर ३० टक्के सरसकट वजावट मिळते, हा दिलासा आहे.

आता कराराविषयी, कारण नव्या घरमालकाचे खरे नुकसान इथेच होते. अकरा महिन्यांचा करार साध्या स्टॅम्पपेपरवर नोटरी करून भागते, असे तुला दहा जण सांगतील. महाराष्ट्रात ते चालत नाही. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ५५ प्रमाणे लिव्ह अँड लायसन्सचा, म्हणजे ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला देण्याचा, करार लेखी आणि नोंदणीकृतच असावा लागतो, ती जबाबदारी घरमालकाची असते, आणि नोंदणी नसेल तर घर कोणत्या अटींवर दिले याविषयी भाडेकरू जे सांगेल ते, उलट सिद्ध होईपर्यंत, खरे धरले जाते. खर्चाच्या मानाने हा धोका पत्करण्याजोगा नाही. महिना १८ हजार भाडे आणि ६० हजार अनामत धरली तर अकरा महिन्यांच्या करारावर मुद्रांक शुल्क जेमतेम पाचशे रुपये आणि महापालिका हद्दीतली नोंदणी फी एक हजार. करार ऑनलाइन होतो आणि अंगठे घ्यायला एजंट मशीन घेऊन घरी येतो. करार संपूनही कोणी घर सोडले नाही, तर याच कायद्याच्या कलम २४ खाली सक्षम प्राधिकाऱ्याकडे अर्ज करता येतो आणि त्या काळासाठी दुप्पट भाडे मागता येते. भाडेकरूची माहिती पोलीस ठाण्याला कळवण्याचे कामही एजंटवर सोडून विसरू नकोस, पोच मागून घे.

कागदांइतकेच महत्त्वाचे म्हणजे बाथरूम. माझ्या फ्लॅटच्या बाथरूममधून खालच्यांच्या छताला ओल आली, तेव्हा भाडेकरू सांगे की हे आधीपासूनचे आहे, खालचे सांगत की आजच माणूस पाठवा, आणि प्लंबर म्हणे की फरशी उखडल्याशिवाय काही कळणार नाही. फरशी उखडली, नहाणी ट्रॅपभोवतीचे, म्हणजे पाणी जाण्याच्या जाळीभोवतीचे, वॉटरप्रूफिंग गेलेले निघाले, ते नव्याने करून वर पाणी भरून ठेवून पाहावे लागले आणि तोवर त्या कुटुंबाला एकाच बाथरूमवर भागवावे लागले. त्या महिन्याचे भाडे मी कमी घेतले आणि ते योग्यच होते असे मला वाटते. जुना फ्लॅट घेताना म्हणूनच खालच्या मजल्यावरच्यांना विचारून त्यांचे छत आधी पाहा. विकणारा जे बोलणार नाही ते छतावर दिसते.

ताबा देताना भिंती, नळ, गीझर, पंखे यांचे आणि महावितरणच्या मीटरच्या रीडिंगचे फोटो दोघांनी मिळून काढावेत, म्हणजे अनामत परत करताना वाद होत नाही. ती रक्कम बँकेत वेगळी ठेव, ती तुझी नव्हे. एकट्या राहणाऱ्या मुलामुलींना घर नको, असा काही सोसायट्यांचा हट्ट असतो. मला तो अन्यायाचा वाटतो. नोकरीचा पुरावा आणि आधीच्या घरमालकाशी एक फोन, यावर माणूस पारखावा.

माझे मत विचारशील तर कर्ज ३० लाखांच्या वर नेऊ नकोस आणि सहा महिन्यांचे हप्ते बाजूला पडल्याशिवाय टोकन देऊ नकोस. त्याआधी इंडेक्स टू (नोंदणी झालेल्या खरेदीखताचा सरकारी उतारा), सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट, सोसायटीचा थकबाकी नसल्याचा दाखला आणि मिळकतकराची शेवटची पावती यांच्या प्रती मला पाठव. वकिलाकडून तीस वर्षांचा सर्च रिपोर्ट, म्हणजे घराच्या मालकीच्या जुन्या नोंदींची तपासणी, करून घेऊ आणि एखाद्या रविवारी प्लंबरला बरोबर घेऊन घर पाहू. सोयीचा रविवार कळव.

वहिनींना नमस्कार.

तुझा,
मिलिंद