सलाईन शिकवणाऱ्या ताईंना

ताई,

दवाखान्यात आभार मानायचे म्हटले की लोक डॉक्टरांकडे वळतात, तुम्ही बाजूला मांजर धरून उभ्या असता. मनीचा मूत्रपिंडाचा आजार डॉक्टरांनीच ओळखला, त्यांचे उपकार आहेतच. पण वय झालेली आमची मनी आज घरच्या घरी, माझ्या मांडीवर बसून सलाईन घेते, ते तुमच्यामुळे.

मूत्रपिंडाचं काम जवळपास तीन-चतुर्थांश बंद पडेपर्यंत रक्तातलं क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंड गाळून बाहेर टाकतं तो टाकाऊ पदार्थ, फारसं वाढत नाही, हे ऐकल्यावर मला पुढचं काही ऐकूच येईना. त्यात घरी सुई टोचायची म्हणे! तुम्ही मला शेजारच्या खोलीत नेलंत आणि घाई न करता दाखवलंत. बाटली आधी कोमट पाण्यात ठेवायची, गार सलाईन अंगात गेलं की मांजर दचकतं. खांद्यांमधली सैल कातडी चिमटीत उचलायची आणि खाली झालेल्या पोकळीत सुई सरकवायची. शीर शोधायची नाही. "नंतर फुगवटा येईल, तो पायाकडे उतरेल, घाबरू नका, काही तासांत जिरेल," हेही तुम्ही आधीच सांगितलंत. पहिल्या रात्री तो खरोखरच पुढच्या पायावर उतरला. तुमचं ते वाक्य आठवलं नसतं तर मी मध्यरात्री दवाखान्याचं दार वाजवलं असतं.

वजनाची वहीसुद्धा तुमचीच कल्पना. 4.5 किलोच्या मांजराचं 500 ग्रॅम वजन उतरणं म्हणजे 60 किलोच्या माणसाचं 6 किलोंहून जास्त उतरणं, असं तुम्ही समजावलंत. तेव्हापासून वजनकाटा कपाटात गेलेला नाही. आणि ती खिडकीत उडी मारत नाही ते आळसाने नाही, सांधे दुखत असतील, हे तुम्ही नुसतं तिचं चालणं बघून ओळखलंत. वर बजावलंत की आपल्या घरातली पॅरासिटामॉलची गोळी मांजराला चुकूनही द्यायची नाही, जीव जातो. आता खिडकीखाली एक पाट आहे आणि तिच्या शी-शूचा ट्रे कमी उंचीच्या काठाचा आहे.

मनीला मात्र तुमच्याबद्दल अजिबात कृतज्ञता नाही, हे कळवायला हवं. मागच्या खेपेला रक्तदाबाचा पट्टा तिने चावला, त्याबद्दल तिच्या वतीने मीच दिलगीर आहे.

कमी फॉस्फरसचं खाणं जुन्या खाण्यात थोडंथोडं मिसळतो आहोत. अजून नाक मुरडते, पण वाटी रिकामी होते. पुढच्या तपासणीला वही घेऊन येते.

तुमची,
मनीची आई