गुरुवारच्या मुलाखतीआधी

चि. बाय,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर "बाबा, ते देतील तेवढ्यावर मी हो म्हणणार" असं म्हणालीस आणि फोन ठेवून दिलास. आई जेवायला हाका मारत राहिली, मी तुझ्या खोलीत तू टाकून गेलेल्या वह्या चाळत बसलो. कर्जाचा विषय या पत्रात काढायचा नाही असं ठरवलंय. मुलाखतीचंच लिहितो.

तुझ्या वहीत एक प्रश्न आहे. घसारा 100 रुपयांनी वाढला तर नफा-तोटा, ताळेबंद आणि रोकड या तिन्ही पत्रकांत काय बदलेल? 25 टक्के कर धरून तू लिहिलंयस, नफा 75 ने कमी, रोकड 25 ने जास्त. मला काही केल्या पटेना. मग आपला टिपर आठवला. घसाऱ्याचे पैसे खिशातून कुणी काढून नेत नाही, कर तेवढा कमी भरावा लागतो. गाडी मात्र झिजतेच, ते मला विचार. त्या गाडीच्या ट्रिपांची बेरीज तू चौथीत असताना करायचीस. बेरीज बघून "बाबा, आपण श्रीमंत ना?" म्हणाली होतीस. बिलं कंपनीकडे अडकलेली आणि पंपावर डिझेलची उधारी, हे तुला कुठून कळणार? नफा दाखवणारी कंपनी अडचणीत कशी येते असं त्यांनी विचारलं, तर आधी हे सांग. पुस्तकातलं नंतर. लाजायचं काही नाही त्यात.

हप्ता तेव्हाही होता, पण ते असो.

पुढे डीसीएफचं पान, म्हणजे पुढे येणाऱ्या रोकडीवरून कंपनीची आजची किंमत काढायची रीत. पाच वर्षांचे अंदाज बांधायचे, मग कंपनी पुढे अशीच वाढत राहील असं धरून त्यानंतरच्या सगळ्या वर्षांची किंमत, म्हणजे टर्मिनल व्हॅल्यू, काढायची, आणि एकूण किमतीत मोठा वाटा तिचाच! वाचून हसू आलं. 2012 ला आपल्या गोव्यातल्या खाणी थांबल्या तेव्हा सगळे म्हणत होते, चार महिन्यांत सुरू होतील. किती वर्षं गेली ते तू बघितलंस. सुरू झाल्या, तर सुप्रीम कोर्टाने 88 लीज रद्द केली आणि 16 मार्च 2018 पासून पुन्हा सगळं बंद. डिचोलीच्या माणसाला अशी वाढ कुणी शिकवू नये. तू वाढीचा दर किती धरलास, का धरलास आणि तो अर्धा टक्का खाली आणला तर किंमत कितीने पडते, एवढं तयार ठेव. येत नसेल ते येत नाही म्हण. घाबरलीस की तुझा बोलण्याचा वेग वाढतो, दहावीच्या तोंडी परीक्षेत बाईंनी सांगितलं होतं. पाणी पी, थांब, मग बोल. हात टेबलावर...

बघ, मास्तर झालो परत. माफ कर. एमबीए तू झालीस, मी नव्हे. बाजारात चार जणांना सांगूनही झालंय, रागावू नकोस. दादाला मी सांगितलं नाही, पण त्याला कळलंय.

पगाराचं निघालं तर आधी त्यांना आकडा सांगू दे. ऐकल्या ऐकल्या मान हलवू नकोस. तुझ्याबरोबरच्या मुलींना काय मिळालं ते विचारून जा. या महिन्याचा हप्ता भरलाय, पिकअपची भाडी बरी मिळताहेत, पुढचाही भरेन. तो माझा हप्ता आहे, बाय. तो डोक्यात घेऊन आत गेलीस तर त्यांना तोंडावर दिसेल आणि स्वस्तात घेतील तुला. काढायचं नव्हतं, काढलंच.

डोंबिवलीहून लवकर निघ. कुर्ल्याला उतरून बीकेसीला रिक्षा मिळते, पण सकाळी रांग मोठी असते म्हणे. मावशीला घेऊन जाऊ नकोस, ती आतपर्यंत येईल. गुरुवार दत्ताचा वार, म्हणून आई साखळीच्या दत्तमंदिरात जाणार आहे. मला वाळपईचं भाडं आहे, पण फोन चालू ठेवतो. आधी आईला कर, नाहीतर ती माझ्याशी बोलणार नाही.

तुझा,
बाबा