खांदेरीच्या वेताळाला भुतांत जमा करू नका

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पुरवणीतला ‘झपाटलेल्या’ किल्ल्यांवरचा लेख वाचला. त्या यादीत अलिबागजवळच्या समुद्रातल्या खांदेरी या बेटावरच्या किल्ल्याचे नाव पाहून आधी हसू आले, मग राग. बेट ओसाड, त्यावर वेताळाचे ठाणे, म्हणून रात्री तिकडे कोणी फिरकत नाही, असा एकूण सूर. आता खांदेरीवर १८६७ सालापासून दीपगृह आहे. तिथला दिवा काही वेताळ लावत नव्हता. तो सांभाळणाऱ्या माणसांनी पिढ्यान्‌पिढ्या बेटावर रात्री काढल्या आहेत.

वेताळ भुतांचा राजा, हे खरेच. पण आपल्याकडे त्याची पूजा होते ती त्याने भुतांना ताब्यात ठेवावे म्हणून. कोकणात त्याला वेतोबा म्हणतात, आणि नावापुढे ‘बा’ लावला की माणूस घरचा होतो. वेंगुर्ल्याजवळच्या आरवलीत त्याला भल्यामोठ्या चामडी वहाणा वाहतात. रात्री गावाभोवती गस्त घालून त्या झिजतात, असे भाविक सांगतात. खांदेरीच्या वेतोबाला वहाणांची सोय नाही, कारण मूर्तीच नाही. पांढरा रंग दिलेली एक मोठी शिळा आहे. ती वर्षागणिक वाढते अशी कोळ्यांची श्रद्धा. मी ती मोजायला गेलो नाही आणि कोणी टेप घेऊन जाऊही नये. समुद्रात जाणारा नाखवा या शिळेपुढे नारळ ठेवतो तो बेटाला घाबरून नव्हे, पाण्याला घाबरून.

आणि हे पाणी घाबरण्याजोगेच आहे. १६७९ साली शिवाजी महाराजांनी खांदेरी बांधायला घेतली तेव्हा मुंबईच्या इंग्रजांनी गलबते आणून नाकेबंदी केली. मराठ्यांची लहान होडकी मात्र अंधाराचा आणि उथळ पाण्याचा फायदा घेऊन समोरच्या किनाऱ्यावरच्या थळहून सामान पोहोचवत राहिली. इंग्रज थकले. पुढच्याच वर्षी जंजिऱ्याच्या सिद्दीने शेजारची उंदेरी बळकावली आणि दोन बेटे एकमेकांवर तोफा डागू लागली. या खाडीवजा पट्ट्यात किती जण बुडाले याची नोंद कोण ठेवणार? बुडून मेलेल्याचा गिऱ्हा होतो, रात्री पाण्याकाठच्या माणसाला तो चकवून खोलात नेतो, ही समजूत अशाच किनाऱ्यांवर रुजते. भरतीच्या वेळी पोरांनी अंधारात पाण्यात उतरू नये, याचा बंदोबस्तही तीत आपोआप होतो.

लेखात एका गोष्टीचा मात्र उल्लेखही नाही, आणि खरी काळजी तिचीच आहे. बेटावर एक खडक आहे. त्यावर दगड मारला की पितळी भांडे वाजावे तसा खणखणीत आवाज येतो. असे नाद देणारे खडक जगात इतरत्रही आहेत, त्यात भुताटकी काही नाही. पण येणारा प्रत्येक जण तो वाजवून बघतो, मोबाइल धरून पुन्हा वाजवतो, ‘अजून जोरात मार’ असे मित्र ओरडतात. ठोकून ठोकून त्यावर वाटीसारखे खळगे पडले आहेत. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले गेले, त्यात खांदेरी आहे. झपाटलेले बेट म्हणून जाहिरात झाली तर हौशी गर्दी आणखी वाढेल आणि खडकाची पार चाळण होईल. तिथे ‘दगड मारू नये’ अशी पाटी हवी, आणि पाटीला कोणी विचारत नाही हे माहीत असल्यामुळे एक माणूसही हवा.

गोष्टी छापूच नका असे माझे म्हणणे नाही. उलट नीट छापा. नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांचा १९०९ साली अनंत कान्हेऱ्यांनी वध केला, हे सगळ्यांना ठाऊक असते. याच जॅक्सनने कोकणातल्या शाळामास्तरांकडून गावोगावच्या भुताखेतांची, नवसांची, समजुतींची माहिती मागवली होती, आणि त्याच्या पश्चात एन्थोवेन नावाच्या अधिकाऱ्याने ती छापली, हे मात्र फारसे कोणी सांगत नाही. परक्या सरकारच्या माणसाला जे सुचले ते आपल्या शाळांना जमू नये? थळ, वरसोली, नवगाव इथल्या शाळांनी मुलांना एका सुट्टीचा अभ्यास म्हणून आजी-आजोबांकडून एकेक गोष्ट लिहून आणायला सांगावी. सांगणाऱ्याचे वय आणि त्याची होडी कुठल्या बंदरात असते तेही लिहावे. एकच गोष्ट तीन घरांत तीन तऱ्हांनी निघेल, तर तिन्ही ठेवाव्यात.

आपल्या पुरवणीने त्यासाठी पंधरवड्यातून अर्धे पान दिले तरी पुष्कळ. फक्त कोळी बोलीतले शब्द शुद्धलेखनाच्या नावाखाली बदलू नयेत, आणि सोबत कवटीचे चित्र टाकू नये.

आपला,
एक वाचक, अलिबाग