किती धुण्यांपर्यंत, ते लिहा ना

मा. संपादक, सप्रेम नमस्कार.

टॉवेल घ्या, चादर घ्या, उशीचा अभ्रा घ्या, हल्ली सगळ्यावर अँटीबॅक्टेरियल, वास धरत नाही असं लिहिलेलं असतं. मीपण हौसेने तसले दोन टॉवेल आणले. काही महिन्यांतच, कोरडा असताना ठीक, पण तोंड पुसून जरा ओला झाला की तोच कुबट वास. जपून ठेवलेली चिठ्ठी काढून बघितली तर ९९.९ टक्के जंतू मारतो हे मोठ्या अक्षरात, पण कशाने मारतो आणि किती धुण्यांपर्यंत मारतो याचा पत्ताच नाही.

अशा कापडांत चांदीचे आयन (विद्युतभारित कण), झिंक पायरिथिऑन नाहीतर क्वाटर्नरी अमोनियमवाली रसायनं असतात, कधी धाग्यातच मिसळलेली तर कधी नुसता वरून थर दिलेला, आणि तो थर धुता धुता पाण्याबरोबर वाहून जातो. २००८ साली अमेरिकेत चांदीवाले मोजे धुऊन तपासले तेव्हा काहींची जवळपास सगळी चांदी चार धुण्यांतच गेली, काहींची जेमतेम हलली. दुकानात मात्र दोन्ही सारखेच दिसणार! आणि ते ९९.९ लॅबमध्ये कापडाच्या तुकड्यावर ठरावीक जंतू सोडून, दिवसभर ठेवून मोजतात. आमचा टॉवेल घाम, अंगाचं तेल, साबणाचा साका पीत असतो त्याचं काय?

त्या वासाचा एक मोठा गुन्हेगार जपानी संशोधकांनी २०१२ मध्ये पकडला, मोराक्सेला ऑस्लोएन्सिस नावाचा जंतू, आणि हा पठ्ठ्या वाळवण्यालाही सहसा दाद देत नाही. म्हणजे आत साचलेलं तेल-मळ निघायलाच हवं, कापडाला चालत असेल तर ६० डिग्रीचं गरम पाणी, आणि ते कपडे मऊ करणारं सॉफ्टनर टॉवेलला नकोच, त्याचा थर बसून पाणी शोषणंही कमी होतं.

युरोपात २०१३ पासून नियम आहे, जंतू मारतो असा दावा केला की कुठलं रसायन ते लेबलवर लिहावंच लागतं. असा नियम सगळीकडेच हवा आणि त्यात धुण्यांचा आकडाही घाला एवढंच माझं म्हणणं. कंपनीला मेल करून हेच दोन प्रश्न विचारले होते. उत्तर आलं, कृपया थंड पाण्यात धुवा.

एक वाचक