काकू, लेबलवरचा बारीक आकडा दाखवलात त्याबद्दल

ती. काकूंस,
सा. न. वि. वि.

जर्मनीतल्या ट्रीअर शहरात आणि आसपासच्या मराठी घरांत शनिवार-रविवारच्या जेवणाला वाईनची कुठली बाटली उघडायची, हा घोळ तुम्ही मिटवलात. त्याबद्दल हे पत्र. उघडं लिहितोय, कारण नव्याने राहायला आलेला प्रत्येक जण तेच प्रश्न घेऊन तुम्हालाच फोन करतो.

सगळ्यात मोठा उपकार त्या आकड्याचा. लेबलवर गाव, मळा, द्राक्ष सगळं ठळक. कामाची गोष्ट कोपऱ्यात बारीक अक्षरात, अल्कोहोल किती टक्के. यीस्ट रसातली साखर खातं आणि तिचं अल्कोहोल होतं. मोझेल नदीकाठच्या रीसलिंगवर (याच नावाच्या द्राक्षाची पांढरी वाईन) ८ टक्के दिसले तर आंबणं मध्येच थांबवलंय, साखर शिल्लक आहे. १२ दिसले तर साखर जवळपास संपली, वाईन कोरडी. लेबलवरचे काबिनेट आणि श्पेटलेझ हे शब्द द्राक्ष तोडताना किती पिकलं होतं ते सांगतात, बाटलीत गोडी किती उरली ते नाही; ट्रॉकन म्हणजे कोरडी, आणि श्पेटलेझ ट्रॉकन चांगली खडखडीत कोरडी असते. फाइनहर्ब (साधारण अर्धकोरडी) या शब्दाची तर कायद्यात व्याख्याच नाही, तिथे आकड्याशिवाय गत्यंतर नाही.

झेक्टचा, म्हणजे जर्मन फेसाळ वाईनचा, सापळाही तुम्हीच दाखवलात. साध्या वाईनवर ट्रॉकन म्हणजे लिटरमागे फार तर ९ ग्रॅम साखर. फेसाळणाऱ्या झेक्टवर तोच शब्द म्हणजे १७ ते ३२ ग्रॅम! कोथिंबीर वडी किंवा बटाटेवड्याबरोबर हवी ती ब्रुट, १२ ग्रॅमच्या आतली. तळणाचा तेलकटपणा तिचा फेस आणि आंबटपणा धुऊन काढतात.

तिखटाला तेवढीच जबरदस्त वाईन हवी, हा आपल्याकडचा लाडका गैरसमज. तांबड्या रश्श्यासोबत १४ टक्क्यांची रेड उघडली की अल्कोहोल मिरचीची आग वाढवतं, टॅनिन (रेडमधला तुरट घटक) जिभेला खरखरीत लागतं आणि वाईन कडू वाटते. दोष ना रश्श्याचा, ना बाटलीचा. तिथे ८ टक्क्यांची काबिनेटच. लिटरमागे ४० ग्रॅमच्या आसपास साखर असली तरी मोझेलचा आंबटपणा इतका तरतरीत की सरबत प्यायल्यासारखं होत नाही. फ्रान्समधल्या आल्झासची गेव्युर्त्सट्रामिनर ही सुगंधी पांढरी वाईन मसालेदार जेवणासाठी म्हणून हमखास गळ्यात मारली जाते. वास मसालेभाताशी छान जुळतो, कबूल. पण ती बऱ्याचदा १३.५-१४ टक्क्यांची असते, तेव्हा पानात ठेचा असेल तर तिला लांबच ठेवावं.

आणि तुमचा तो बशीचा प्रयोग. एका बशीत लिंबाची फोड, चिमूटभर मीठ, गुळाचा खडा आणि नखाएवढा ठेचा. ग्लासात दोनच वाईन, प्रत्येकी ५० मिली: काबिनेट आणि एखादी जड रेड. आधी घोट, मग बशीतलं एक काहीतरी, मग पुन्हा घोट. दोन चिजांच्या मध्ये पाणी आणि कोरड्या पोळीचा तुकडा. लिंबू-मिठानंतर वाईन मवाळ लागते. गुळानंतर तीच वाईन आंबट आणि पांचट. ठेचा सगळ्यात शेवटी, नाहीतर पुढचं काही कळतच नाही. हे दहा मिनिटांत जिभेला समजतं, मग कुठला तक्ता पाठ करावा लागत नाही. पदार्थ वाईनपेक्षा गोड नको आणि वाईनपेक्षा आंबट नको, एवढं धरून चाललं की भागतं.

म्हणून माशाच्या कालवणात कोकमं मोजून: दोन माणसांच्या कालवणाला तीन-चार, आणि उकळी आल्यावर काढून टाकायची. नाहीतर कोरडी वाईन पाण्यासारखी वाटते. भरल्या वांग्यात गूळ असेल तर फाइनहर्ब; गूळ वगळून नुसतं दाण्याचं कूट आणि गोडा मसाला असेल तर जर्मनीतल्या आर नदीच्या खोऱ्यातली श्पेटबुर्गुंडर ही रेड (पिनो न्वार), १४-१५ अंश सेल्सियसला. श्रीखंड-पुरीच्या दिवशी बाटली बंदच राहिलेली बरी.

तापमानावरून तुम्ही सगळ्यांना टोकलंत ते योग्यच. हिटर लावलेल्या खोलीत २२ अंश असतात. रेडसुद्धा आधी अर्धा तास फ्रिजमध्ये हवी. रीसलिंग ८ ते १० अंशांना, म्हणजे फ्रिजमधून काढून दहा-पंधरा मिनिटांनी. पाहुणे दारात आणि बाटली गरम, तर बादलीत बर्फ, बर्फ बुडेल इतकं पाणी आणि मूठभर जाडं मीठ. पंधरा-वीस मिनिटांत काम होतं. नुसत्या बर्फात वेळ लागतो, कारण खड्यांमध्ये हवा राहते आणि बाटलीला गारवा पोचत नाही.

किती चांगल्या बाटल्या सिंकमध्ये ओतायच्या वाचल्या तुमच्यामुळे! बुडाशी साखरेसारखे खडे दिसले तर ती टार्टारिक आम्लाच्या क्षाराची स्फटिकं, निरुपद्रवी. जुन्या रीसलिंगला पेट्रोलचा वास येतो, तो दोष नव्हे. काही जण त्यासाठीच जास्त पैसे मोजतात. ओल्या पुठ्ठ्याचा, बंद कपाटाचा वास आला तर मात्र बूच बाधलंय. ती वाईन ठेवून सुधारत नाही, पावती घेऊन दुकानात परत.

उरलेली वाईन लगेच स्वच्छ, लहान बाटलीत काठोकाठ भरून फ्रिजमध्ये. काबिनेट चार-पाच दिवस तग धरते, श्पेटबुर्गुंडर दोन-तीन. शिळी झालेली पांढऱ्या रश्श्यात ढकलायची नाही, नारळाचं दूध फाटतं, हेही तुमचंच.

गोडा मसाला संपत आला असेल तर कळवा. पुण्याहून येणाऱ्या पुढच्या बॅगेत तुमच्यासाठी अर्धा किलो धरलेला आहे.

आपली,
ट्रीअरची मराठी मंडळी