वामनचा वासन

ती. आई-बाबांस,
सा. नमस्कार.

परवा फोनवर बाबा म्हणाले, "पुन्हा नवा करोना आला म्हंते. मंग त्या लशी वाया गेल्या काय?" तेव्हा मी गाडीवर होते, नीट बोलता आलं नाही.

बाबा, तुम्ही जन्माचे तलाठी. दर दहा वर्षांनी सातबाऱ्याचं पुनर्लेखन निघायचं आणि तुम्ही कंदिलाशी बसून नकला करायचात. त्यात एकदा वामनचा वासन झाला आणि ते काका वारस नोंदीसाठी वर्षभर चकरा मारत होते. विषाणूचं तेच. त्याचं दप्तर, म्हणजे जनुकीय मजकूर, जवळपास 30 हजार अक्षरांचं, आणि पेशीत शिरला की नकलाच नकला. करोना तर आपला मंडळ अधिकारी सोबत घेऊन हिंडतो, चुका तपासणारं एक एन्झाइम. तरी महिन्याला एक-दोन चुका निसटून कायम होतात. बहुतेक बिनकामाच्या; एखादी त्याच्या पथ्यावर पडते.

2021 चा फेब्रुवारी आठवतो ना? 22 तारखेपासून अमरावतीत टाळेबंदी लागली. 24 मार्चला केंद्राने सांगितलं, महाराष्ट्रातल्या नमुन्यांत ई484क्यू आणि एल452आर हे दोन बदल वाढलेत. त्याच घराण्यातला एक पुढे डेल्टा झाला. इथे ऑफिसात एकीने "तू अमरावतीचीच ना?" म्हणत खुर्ची मागे ओढली होती. तुम्हीही तेव्हा असे गप्प, जणू तो आपल्याच पांदणीतून निघाला. मला अजून राग येतो. अहो, जिथे तपासलं तिथे सापडला! गावांना, देशांना असा बट्टा लागू नये म्हणूनच जागतिक आरोग्य संघटनेने 31 मे 2021 ला अशा नव्या रूपांना ग्रीक अक्षरांची नावं दिली.

आता लशीचं. लस शरीराला विषाणूच्या वरच्या काट्यांची ओळख करून देते. ओमायक्रॉनच्या काट्यांवर तीसहून जास्त बदल होते, म्हणून लस घेतलेल्यांनाही तो झाला. पण वामनचा वासन झाला तरी गट नंबर, चतुःसीमा त्याच राहतात की नाही? शरीरही उरलेल्या खुणांवरून ओळखतं. लागण टळली नाही, तरी बऱ्याच जणांचं दवाखान्यात भरती होणं टळलं.

आई, तुझा खोकला चार दिवसांचा झाला, आणि आजीला चहा तूच देतेस. मास्क लाव, आणि डॉक्टरांना दाखव. काढ्यावर भागवू नकोस. बाबा, मधल्या खोलीची खिडकी गव्हाच्या कोठीमुळे उघडत नाही. कोठी सरकवा, एकट्याने नको.

तुमची,
ताई